घरातले चार टीबी क्लाउडवर चढवताना

दोन-तीन पोर्टेबल हार्ड डिस्क, एक बंद पडलेला लॅपटॉप, लग्नाच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह, जुने मोबाइल आणि त्यांच्या मेमरी कार्डांची डबी. हल्ली बहुतेक घरांच्या कपाटात अशी एक पिशवी सापडते. सगळं मोजलं तर तीन-चार टीबी सहज भरतं. हा संग्रह क्लाउडवर कसा न्यायचा, याचा क्रम इथे दिला आहे. उदाहरणासाठी 4 टीबी धरले आहेत. यात प्रत्यक्ष चढवणं हे सर्वांत सोपं काम. खरा वेळ खातात आधीची आवराआवर आणि नंतरची तपासणी, आणि लोक नेमकी तीच दोन कामं टाळतात.

एक सूचना आधीच. आज्ञांची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी मोजा, मग आवरा

प्रत्येक डिस्क जोडून तिच्यात कुठे किती भरलं आहे ते बघा. विंडोजवर ट्रीसाइझ किंवा विझट्री, लिनक्सवर एनसीडीयू हे काम काही मिनिटांत करतात. 4 टीबीची डिस्क विंडोजवर 3.63 टीबी दिसते, त्यात काही हरवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या.

आता तीन ढीग करा. पहिल्यात पुन्हा कधीच न मिळणारं: फोटो, घरचे व्हिडिओ, खरेदीखतांचे आणि प्रमाणपत्रांचे स्कॅन, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजीचा आवाज. दुसऱ्यात मेहनतीने पुन्हा करता येईल असं, म्हणजे सीडीवरून उतरवलेली गाणी वगैरे. तिसऱ्यात बाजारात किंवा नेटवर पुन्हा मिळणारं: सिनेमे, गेम, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फाइली. तिसरा ढीग क्लाउडवर चढवू नका. त्याचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, आणि बऱ्याच घरांत संग्रहाचं निम्मं ओझं तिथेच असतं.

व्हॉट्सअॅपचा फोल्डर हा वेगळाच विषय आहे. पाच फोनांच्या पाच प्रती, त्यात सुविचार, सुप्रभात आणि पाडव्याच्या शुभेच्छा. दुबार फाइली शोधायला डुपगुरू वापरता येतं, पण एक लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधेपणाने पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि फोटो काढल्याची तारीख त्यातून गळलेली असते. म्हणजे मूळ फोटो आणि आलेला फोटो डोळ्यांना सारखे दिसले तरी संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. अशा जोड्या डुपगुरूच्या चित्र-तुलनेत सापडतात. त्यातली मोठी आणि तारीख असलेली फाइल ठेवायची. सापडलेल्या दुबार फाइली लगेच पुसू नका, ‘बहुधा दुबार’ अशा फोल्डरात हलवा आणि सगळं काम पार पडेपर्यंत तिथेच राहू द्या.

काही वर्षांचे फोटो फक्त गूगल फोटोजमध्ये असतील तर ते गूगल टेकआउटने उतरवून घ्या. झिपचा आकार 50 जीबी निवडा. दुवे तयार झाल्यापासून साधारण सात दिवसच चालतात, त्यामुळे गावाला जायच्या आदल्या दिवशी विनंती टाकू नका. फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या फाइली येतात, त्यात तारीख-ठिकाणाची माहिती असते, म्हणून त्या कचरा समजून पुसू नयेत. आणि ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर तिथला फोटो जास्तीत जास्त 16 मेगापिक्सेलचा आणि व्हिडिओ 1080पी चा उरलेला असतो. फोनवर मूळ प्रत असेल तर तीच घ्या.

हे सगळं एका मोठ्या डिस्कवर आणा, वर्षवार फोल्डरांत. ही मुख्य प्रत. दुसऱ्या डिस्कवर तिची नक्कल, आणि तिसरी प्रत क्लाउडवर. घरातली प्रत काढून टाकून सगळं क्लाउडवरच ठेवणं म्हणजे पुन्हा एकाच प्रतीवर विसंबणं झालं.

फाइलींची मराठी नावं

ही अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

देवनागरीतली प्रत्येक खूण संगणकात 3 बाइट घेते, इंग्रजी अक्षर 1. आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाला 11 खुणा, म्हणजे 33 बाइट. लिनक्सवर एका नावाला 255 बाइटांची मर्यादा असते. क्लाउडवर पाठवताना आरक्लोनने (फाइली चढवणारं साधन, त्याची मांडणी पुढे येते) नावंही कुलूपबंद केली की ती लांबतात आणि मूळ नावाला जेमतेम 143 बाइट उरतात. म्हणजे सुमारे 47 देवनागरी खुणा, त्यातही शेवटचं ‘.जेपीजी’ आलंच. ‘सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांबरोबर काढलेला फोटो’ हे नाव तिथे बसणार नाही, आणि ती फाइल त्रुटी दाखवून मागे राहील. नाव आखूड करा: आधी वर्ष-महिना-दिवस आकड्यांत, मग दोन शब्द, मग क्रमांक. आकडे इंग्रजी (0 ते 9) वापरले तर क्रमही नीट लागतो.

दुसरी गंमत ‘ऱ’ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-सांकेतिक पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक अखंड, आणि दुसरं साध्या ‘र’ खाली नुक्ता, म्हणजे टिंब, जोडून. विंडोज जसं टाइप केलं तसं नाव ठेवतं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था मात्र ते फोडून ठेवते. परिणामी ‘दुसऱ्या दिवशी’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू लागतात आणि कितीही निरखलं तरी फरक कळत नाही. आरक्लोन तुलना करताना हा भेद आपणहून मिटवतो, बाकीची सगळी साधनं मिटवतीलच असं नाही. घरात मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर एका संगणकावरूनच चढवा.

किती दिवस लागतील

गती तपासताना डाउनलोडचा आकडा बघू नका, अपलोडचा बघा. तो आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइली मेगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागायचं.

4 टीबी म्हणजे 32 लाख कोटी बिट. 20 मेगाबिटच्या अपलोडला साडेअठरा दिवस, 50 ला सुमारे साडेसात, 100 ला पावणेचार. हे अखंड पूर्ण वेगाचं गणित झालं. घरातली इतर माणसं, रात्रीची गर्दी आणि वीज धरता यात तिसरा हिस्सा वाढवा.

याहून मोठा अडथळा वापर-मर्यादेचा. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती फायबर योजनांत महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, आणि बहुधा अपलोड व डाउनलोड मिळून मोजतात. तुमच्या योजनेच्या बारीक अक्षरांत ते बघा. मर्यादा ओलांडली आणि वेग 1 मेगाबिटवर आला, तर उरलेला 1 टीबी चढायला 92 दिवस लागतील. म्हणून 4 टीबी एका महिन्यात रेटू नका. बिलाची तारीख बघून दोन महिन्यांत निम्मं-निम्मं वाटा.

जागा कुठे घ्यायची

तीन तऱ्हा आहेत, आणि त्यांचे सापळेही वेगवेगळे.

पहिली, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारखी. वापरायला सोपी, पैसे रुपयांत. पण हे मुळात ताळमेळ ठेवणारे फोल्डर आहेत. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतून 30 दिवसांनी कायमचं जातं. एका खात्यावर दिवसाला 750 जीबीच चढवता येतात, पण घरच्या जोडणीवर हा आकडा क्वचितच आड येतो.

दुसरी, बॅकब्लेझ बी2 सारखी वस्तुसाठवण (ऑब्जेक्ट स्टोरेज), म्हणजे ताळमेळाशिवाय नुसती भाड्याची जागा. जेवढं ठेवाल तेवढंच भाडं. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी दर टीबीमागे महिन्याला 5 वरून 6 डॉलर केला आणि त्याच वेळी साठ्याच्या तिप्पट डाउनलोड फुकट केलं. घेण्याआधी आजचा दर बघाच. खातं उघडतानाच साठा कोणत्या प्रदेशात राहील ते निवडावं लागतं, तिथे घाई करू नका. पुढच्या पायऱ्या या तऱ्हेच्या धरून लिहिल्या आहेत.

तिसरी, अॅमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह. अमेरिकेतल्या केंद्रात टीबीमागे महिन्याला जवळजवळ 1 डॉलर, म्हणून सगळ्यांची नजर तिकडे जाते. पण फाइल मागितली की 12 तास, स्वस्त पर्यायात 48 तास थांबावं लागतं. 180 दिवसांच्या आत पुसलं तरी 180 दिवसांचं भाडं लागतं. दर फाइलमागे 40 केबी जादा मोजले जातात. फाइल चढवण्याचं शुल्क हजारी 5 सेंट, म्हणजे तीन लाख फोटोंना नुसते 15 डॉलर. आणि सगळ्यात झोंबणारं, साठा परत उतरवायला टीबीमागे सुमारे 90 डॉलर. घरात दोन धड प्रती असतील आणि ही फक्त आग लागली तर वापरायची असेल, तरच घ्या, आणि फोटो वर्षवार झिप करून पाठवा.

कार्ड, कर आणि हप्ता

परदेशी सेवेचं बिल भारतीय कार्डावरून भरताना तीन गोष्टी आड येतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अॅपमधून ते चालू करावे लागतात. दराच्या वर 18 टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरा. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याला आधी नोंदवलेली संमती लागते. काही परदेशी सेवांची व्यवस्था ती संमती घेत नाही, मग पहिला हप्ता जातो आणि दुसऱ्या महिन्यापासून कार्ड नाकारलं जातं. सूचनेचं पत्र कुठल्यातरी जुन्या ईमेलवर पडून राहतं आणि थकबाकी वाढली की सेवा साठा पुसू शकते. आगाऊ पैसे भरायची सोय असेल तर वर्षाचे भरून टाका. नसेल तर दर महिन्याच्या 5 तारखेला आठवण लावा आणि खात्याला रोज उघडणारा ईमेल द्या.

तयारी: बकेट, किल्ली आणि कुलूप

बी2 च्या संकेतस्थळावर एक बकेट (तुमच्या साठ्याचा डबा) उघडा, ‘खाजगी’ निवडा. बकेटच्या जीवनचक्राच्या पर्यायात जुन्या आवृत्त्या 90 दिवस ठेवायला सांगा. खंडणीखोर विषाणूने घरच्या फाइली बिघडवल्या आणि त्या बिघडलेल्याच वर चढल्या, तर आधीची चांगली आवृत्ती मिळायला 90 दिवस हाताशी राहतात. मग फक्त याच बकेटसाठी चालणारी अॅप्लिकेशन की, म्हणजे आरक्लोनला आत जाण्याची किल्ली, बनवा. ती एकदाच दिसते, लगेच उतरवून घ्या.

आता आरक्लोन उतरवून घ्या. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि काळ्या खिडकीत आज्ञा देऊन चालतं, पण एकदा मांडणी झाली की रोजची आज्ञा एका ओळीची. ‘आरक्लोन कॉन्फिग’ म्हटलं की तो प्रश्न विचारत जातो. ‘एन’ दाबून नवं ठिकाण, त्याला नाव द्या, प्रकार बी2, मग किल्लीचा क्रमांक आणि किल्ली. हे झालं की पुन्हा ‘एन’ आणि या वेळी प्रकार क्रिप्ट, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पहिल्या ठिकाणी पाठवणारं ठिकाण. तो कुठे ठेवायचं विचारेल, तिथे पहिल्या ठिकाणाचं नाव, कोलन (:) आणि बकेटचं नाव द्या. फाइलींची व फोल्डरांची नावं झाकायची का, याला हो. परवलीचा शब्द स्वतः सुचवू नका, ‘जी’ दाबून 128 बिटचा तयार करून घ्या. दुसरा परवलीचा शब्दही तसाच.

हे दोन शब्द हरवले तर साठा आहे तसा राहील आणि कोणालाही, सेवेलाही, उघडता येणार नाही. आरक्लोनची मांडणीची फाइल याच संगणकावर असते आणि डिस्क गेली की तीही जाते. ‘आरक्लोन कॉन्फिग फाइल’ ही आज्ञा ती कुठे आहे ते सांगते. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि दोन्ही परवलीचे शब्द कागदावर लिहा. त्या फाइलीत शब्द नुसते अस्पष्ट केलेले असतात, खरं कुलूप नसतं, त्यामुळे तो पेन ड्राइव्ह दागिन्यांसारखाच जपा.

चढवणं

सुरुवात 2-3 जीबीच्या एका फोल्डरने. आज्ञा अशी: ‘आरक्लोन कॉपी’, मग मूळ फोल्डरचा पत्ता, मग क्रिप्ट ठिकाणाचं नाव आणि फोल्डर, आणि शेवटी दोन डॅश देऊन ‘ड्राय-रन’. यात काहीच चढत नाही, काय चढेल त्याची यादी दिसते. यादी बरोबर वाटली की ‘ड्राय-रन’ काढा आणि ‘प्रोग्रेस’ घाला.

झाल्यावर ब्राउझरमधून बकेट उघडा. नावं अगम्य दिसायला हवीत. ओळखीची दिसली तर तुम्ही क्रिप्टऐवजी खालच्या उघड्या ठिकाणाला पाठवलं आहे. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक, आणि 3 जीबीनंतर कळली तर हसण्यावारी जाते.

‘कॉपी’च वापरा, ‘सिंक’ नाही. ‘सिंक’ दोन्ही बाजू एकसारख्या करते, म्हणजे इथे नसलेलं तिथून पुसते. समजा ई या अक्षरावर तुमची डिस्क होती, ती निघाली आणि त्याच अक्षरावर भाच्याचा पेन ड्राइव्ह बसला. ‘सिंक’ त्याला मूळ समजून क्लाउड रिकामं करायला घेईल. घरच्या फोटोंसाठी तिची गरजच पडत नाही.

मोठं काम चालू करताना तीन पर्याय उपयोगी. ‘लॉग-फाइल’ देऊन नोंद ठेवा. ‘एक्सक्लूड’ने थंब्स, डेस्कटॉप-इनी आणि मॅकच्या डीएस-स्टोअर या कचरा फाइली गाळा. आणि ‘बीडब्ल्यूलिमिट’ने वेळापत्रक द्या: सकाळी 8 पासून 2एम, रात्री 11 पासून बंधन नाही. इथला 2एम म्हणजे सेकंदाला 2 मेगाबाइट, जवळजवळ 17 मेगाबिट. मेगाबिट समजून 20एम लिहिलंत तर घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतील आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

आधी पहिला ढीग, त्यातही कागदपत्रं आणि सर्वांत जुने फोटो, मग व्हिडिओ. दहाव्या दिवशी काम थांबलं तरी महत्त्वाचं वर गेलेलं असावं.

मध्येच काय अडतं

लॅपटॉप झोपी जातो. वीजजोडणीवर असताना झोप ‘कधीच नाही’ करा आणि विंडोज अपडेट पुढे ढकला.

वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला आणि फायबरच्या डबीला नसते. त्यांच्यासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. मोठ्या 3.5 इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो, ती इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडत असतील तर काम थांबवून सगळं उपटून ठेवणं बरं. तीच आज्ञा पुन्हा दिली की वर गेलेल्या फाइली वगळून आरक्लोन पुढे जातो. अर्धी गेलेली फाइल मात्र पहिल्यापासून. म्हणून 60 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ सारखा तुटत असेल तर त्याचे भाग करून पाठवा.

पोर्टेबल डिस्क तापून मध्येच निसटते. हब काढा, थेट संगणकाच्या पोर्टला लावा, खाली पुस्तक किंवा गादी नको.

प्रमाणपत्राची त्रुटी येते आणि काहीच जोडत नाही: जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. नवा सेल घाला, तारीख लावा.

‘फाइल बदलते आहे’ अशी तक्रार आली तर लाइटरूम किंवा आउटलुक उघडं आहे. बंद करून पुन्हा चालवा.

वनड्राइव्हच्या फोल्डरात ढगाची खूण असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच. त्या आधी खाली उतरतील, मग वर चढतील, आणि वापर-मर्यादा दुप्पट खर्च होईल.

तपासणी

सगळं चढल्यावर ‘आरक्लोन क्रिप्टचेक’ चालवा. ती घरची फाइल आणि वरची फाइल यांची ठशांनी (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्यांनी) तुलना करते, परत न उतरवता. पण बी2 वर क्रिप्टमार्गे गेलेल्या 200 एमबीच्या वरच्या फाइलींना ठसा मिळत नाही. ‘तपासता आलं नाही’ असा आकडा दिसेल, तो मोठ्या व्हिडिओंचा. त्यातले चार-पाच उतरवून शेवटपर्यंत चालवून बघा.

मग खरी परीक्षा. दुसऱ्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर आरक्लोन टाका आणि फक्त त्या कागदाच्या आणि किल्लीच्या आधाराने वीस फाइली परत आणा: दर दोन वर्षांमागे एक, एक मराठी नावाची, एक स्कॅन, एक मोठा व्हिडिओ. तुमच्या नेहमीच्या संगणकावर हे करून काही सिद्ध होत नाही, कारण तिथे किल्ली आधीच असते. इथे अडलात तर बहुधा कागदावर शून्य आणि ओ, किंवा एक आणि एल यांची गल्लत झालेली असते. आताच दुरुस्त करा. पूर्ण 4 टीबी उतरवायला 100 मेगाबिटवरही चार दिवस लागतील, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पुढे दर महिन्याला तीच ‘कॉपी’, दर तीन महिन्यांनी वीस फाइलींची परीक्षा. ‘आरक्लोन क्लीनअप’ ही आज्ञा जागा मोकळी करते म्हणून सहज चालवू नका, बी2 वर ती राखून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्याही पुसते.

शेवटचं काम एका पाकिटाचं. त्यात सेवेचं नाव, खात्याचा ईमेल, दोन टप्प्यांच्या पडताळणीचे राखीव आकडे, बकेटचं नाव, अॅप्लिकेशन की, दोन्ही परवलीचे शब्द, मांडणीच्या फाइलीचा पेन ड्राइव्ह, आणि संगणकात फारसं न रमणाऱ्या माणसालाही कळेल अशा भाषेत पाच ओळींची सूचना. एक पाकीट घरात, दुसरं दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. परवलीचा शब्द बदलला की दोन्ही पाकिटं बदलायची, जुनं फाडून.